मागून तक्रार चालणार नाही

"बघून घ्या. मागून तक्रार चालणार नाही."

असं म्हणून ते दोन्ही हात पुढे करायचे. आधी तळवे वर, मग खाली, मग बोटं फाकवून. कोटाच्या बाह्या थोड्या मागे ओढायच्या. समोर चहाची बशी असो, होडीवाल्याचं तिकीट असो, नाहीतर भोकाड पसरलेलं पोर असो, सुरुवात हीच. हात रिकामे आहेत अशी तुमची खात्री पटली रे पटली, की ते रिकामे राहत नसत.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आपल्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणायचे. मी सातवीची फायनल परीक्षा पास होऊन नुकतीच मास्तरीण झाले होते. राहायला रेवदंड्याला मामांकडे, आणि शाळा खाडीच्या तोंडावरच्या एका कोळीवाड्यात. शाळा म्हणजे एक खोली आणि एक पडवी. त्या पडवीवर दर थंडीत लोकल बोर्डाकडून हे गृहस्थ देवीची लस टोचायला यायचे. देवी म्हणजे तो रोग. आता तो कुठे उरला नाही, त्यामुळे नुसतं नाव काढलं की बायांच्या हातातलं भांडं कसं खाली यायचं, हे तुम्हाला सांगून पटणार नाही.

लोक त्यांना देवीडाक्तर म्हणत. ते स्वतः म्हणत, "डॉक्टर कसला? टोच्या आहे मी." त्यांचं खरं नाव मला माहीत होतं, पण गावात कुणाला नव्हतं, आणि कुणाचं त्यावाचून अडलंही नाही. तेव्हा मीही ते इथे घालत नाही.

अंगात खाकी कोट, डोक्याला काळी टोपी, खांद्याला पत्र्याची पेटी. पेटीत काचेच्या बारीक नळ्यांमधली लस, स्पिरिटचा दिवा, आणि टोचायची ती दातेरी चक्री. ती दंडावर ठेवून गर्रकन फिरवायची. दुखायचं फारसं नाही, पण दिसायला ते हत्यार भयंकर. नुसतं पाहून भलेभले दर्यावर्दी घरामागच्या केवड्याच्या बनात पळत. वादळात शिडाला लोंबकळणारा नाखवा त्या चक्रीपुढे आईच्या पदराआड लपलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

अशा लोकांना टोचायचं, तर त्यांचं लक्ष दुसरीकडे हवं. म्हणून ही जादू. मुलाच्या कानामागून आणेली, म्हणजे एक आण्याचं नाणं, काढायची, ती त्याच्या नाकात घालवायची, कोपरातून पाडायची. पोर आ वासून आणेली कुठे गेली ते शोधत असतं, तोवर दंडावरची चक्री फिरून झालेली असते. मग ते पोर रडायचं. पण ते टोचल्याबद्दल नव्हे, खेळ संपला म्हणून.

इथवर सगळं समजण्यासारखं होतं. घोळ असा की ही जादू टोचण्यापुरती थांबत नसे. ती त्या माणसाच्या हातांना लागलेली खोड होती. होडीवाला तिकीट मागायला आला की ते त्याच्याच मुंडाशातून निघायचं. चौलच्या बाजारात ते नारळ घ्यायला गेले की नारळवाला आधीच म्हणायचा, डाक्तर, तुमचे हात टोपलीच्या वर ठेवा बघू. एकदा त्यांचे वरिष्ठ तपासणीला आले. रजिस्टरवर सही करायला त्यांनी खिशात हात घातला, तर पेन गायब. ते निघालं आमच्या शाळेच्या घंटेच्या आतून. वरिष्ठ हसले नाहीत. आमचे गृहस्थ मात्र स्वतःच घाबरून म्हणाले, "साहेब, हात गेला हो. मी नव्हतो करणार."

मी गणित शिकवणारी. मला दोन आणि दोन चारच लागतात. माझ्या देखत खडू नाहीसा होतो आणि माझ्याच डबीत सापडतो, याचा मला आनंद होत नसे, राग यायचा. मी विचारायची, हे कसं केलंत? ते म्हणायचे, "बाई, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघता. हाताकडे बघा." मी हाताकडे बघायला लागले, तर पुढच्या वेळी टोपीतून काहीतरी निघालं. कुठे बघायचं हे मला त्या माणसाने कधी कळूच दिलं नाही.

ही विद्या शिकलात कुठे, असं विचारलं तर दर वर्षी उत्तर निराळं. एकदा म्हणाले, तरुणपणी मुंबईत सर्कशीत तंबू ठोकायला होतो. एकदा मुरुडचा कुणी फकीर निघाला. एकदा तर म्हणाले, आमची आई आम्हा भावंडांना एरंडेल पाजायची तेव्हा असंच करायची, तिच्याकडून. मला वाटतं यातलं एक खरं असावं. कुठलं, ते आजही सांगता येत नाही.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. अशा माणसाची पंचाईत ही, की त्याचं काही खरोखर हरवलं तरी कुणाला खरं वाटत नाही. एके दुपारी त्यांची छत्री पडवीवरून हरवली. ते बिचारे केवड्यात, विहिरीशी, होडीत शोधताहेत, आणि अख्खा वाडा पडवीसमोर मांडी घालून बसलेला. आता कुठून काढतोय बघू या, म्हणून. ते काकुळतीला येऊन म्हणाले, खरंच हरवली हो. लोक आणखी हसले. एका म्हाताऱ्याने तर टाळी वाजवली. छत्री कधीच सापडली नाही. लोकांची मात्र समजूत अशी की पुढच्या थंडीत ती बाहेर येणार.

त्या दिवशी मीही हसले होते. पुढे काय व्हायचं होतं त्याची ती रंगीत तालीम होती, हे तेव्हा कुणाला कळणार?

वाड्यावर दर्याच्या कडेच्या घरांच्या ओळीत चांगुणा नावाची म्हातारी राहायची. तोंडावर देवीचे व्रण, इतके की हसली की ते सगळे एकत्र यायचे. लहानपणी तिला आणि तिच्या पाठच्या भावाला एकदमच देवी आल्या होत्या. ती उठली, भाऊ उठला नाही. तिचा शब्द त्या ओळीत शेवटचा. घरात मुलगा, सून आणि यमू नावाची नात. या यमूवर म्हातारीचा जीव. माशांच्या टोपलीला हात लागला तरी आधी पदराला पुसून मग नातीला उचलायची.

आजवर चांगुणाने आपल्या घरात कुणाला टोचून घेऊ दिलं नव्हतं. शाळेतल्या माझ्या चौथ्या थंडीत मात्र यमू स्वतःच पडवीशी येऊन उभी राहिली, जादू बघायला. मागोमाग म्हातारी तिला ओढून न्यायला आली. आमच्या गृहस्थांनी संधी साधली. खिशात आणेली नव्हती की काय कोण जाणे, त्यांनी वाळूतला एक पांढरा गुळगुळीत खडा उचलला, हात दाखवले, तक्रार चालणार नाही म्हणाले, आणि तो यमूच्या कानातून काढला. आणि म्हातारीला दाखवत, हसत हसत, बोलून गेले:

"ही बघा आजी, पोरीच्या अंगातली देवी. निघाली."

चांगुणाने तो खडा दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतला, कपाळाला लावला आणि पोरीचा दंड पुढे केला. मग काय विचारता. ओळीतल्या सगळ्या बाया पोरं घेऊन आल्या. प्रत्येकीला खडा हवा. ते वाळूतून खडे उचलत होते, कानांतून काढत होते, टोचत होते. ज्या ओळीत एक दंड टोचून झाला नव्हता ती सगळी ओळ एका सकाळीत टोचून झाली. जाताना मला म्हणाले, बाई, आज हात सार्थकी लागले.

त्यानंतरचा आठवडा मला चमत्कारिक गेला. आधी लक्षात आलं की दर्याच्या ओळीतून येणाऱ्या मुलांच्या डब्यात मासळी नाही. कोळीवाड्यात मासळी नाही, म्हणजे रेवदंड्यात नारळ नाही म्हणण्यासारखं. मग दिसलं की ऐन हंगामात जाळी फाटलेली पडली आहेत, आणि एरवी दिवसभर सुया घेऊन ती शिवणारे पुरुष हात बांधून बसले आहेत. शाळेतून परतताना त्या ओळीतून फोडणीचा वास यायचा, तोही नाही. मला वाटलं भांडण झालं, मग वाटलं कुणी दगावलं. विचारलं तर बाया नुसत्या मान हलवायच्या आणि बोट ओठांवर ठेवायच्या.

लस धरली की नाही ते बघायला आठ दिवसांनी पुन्हा यायचं असतं. दंडावर फोड आला पाहिजे, म्हणजे काम झालं. ते आले ते चेहरा पाडूनच. खाडीपलीकडच्या एका गावात देवीची साथ लागली होती. दोन घरांतून माणसं गेली होती. आपली ओळ वेळेवर टोचून झाली, एवढंच ते पुन्हापुन्हा म्हणत होते.

यमूचा दंड बघितला तर तो साफ. फोड नाही, खूण नाही. दुसऱ्या पोराचा बघितला, तोही साफ. ओळीतल्या एकाही दंडावर काही नव्हतं. ते एकेक हात उजेडाकडे वळवून बघत होते आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. या खेपेला मी चुकीच्या जागी बघत नव्हते.

"आजी, धुतलंत काय हे?"

"मंग?" चांगुणा म्हणाली. "तू गेल्यावर लगेच राख लावून खाऱ्या पान्यानं घासलं. समद्यांचं घासलं."

का, ते तिने आम्हाला घरात नेऊन दाखवलं. देव्हाऱ्यात, देवांच्या पुढे, कडुनिंबाच्या पाल्यावर तो पांढरा खडा. हळद लावलेला, कुंकू वाहिलेलं, समोर दहीभाताची वाटी. शेजारच्या घरात तसाच. त्याच्या पुढच्या घरात तसाच.

मग मला सगळं एकदम उलगडलं. घरात कुणाला देवी आल्या की त्या घरात मासळी शिजत नाही, फोडणी पडत नाही, आणि सुईला हात लावत नाहीत. सुई टोचली तर देवीला टोचते. आता डाक्तराने स्वतःच्या हाताने पोरीच्या अंगातून देवी काढून दिली. म्हणजे देवी घरी आली, देव्हाऱ्यात बसली. मग त्या घरात सुईची जखम राहून कशी चालेल? बायांनी तिला शांत करायचं म्हणून दंड घासून काढले. एकेक पायरी बघा, कुठे चूक काढाल? मी गणिताची बाई, मला तर काढता आली नाही.

त्या गृहस्थांना मी कधी असं बसलेलं पाहिलं नव्हतं. चांगुणाच्या उंबऱ्यावर ते बसले आणि आपल्या हातांकडे बघत राहिले. मग उठून म्हणाले, आजी, पुन्हा टोचायला पाहिजे, आजच.

"देवी घरान बसलीय," म्हातारी शांतपणे म्हणाली, "नि तू सुई घेऊन येतंस?"

मग त्यांनी जे केलं ते मी त्यांच्याकडून कधी अपेक्षिलं नव्हतं. अंगणात सगळ्या ओळीला बोलावलं आणि आपली जादू फोडून सांगितली. वाळूतला खडा उचलला, अंगठ्याच्या मुळाशी कसा दाबून धरतात ते दाखवलं, हात उलटा केला तरी तो का दिसत नाही ते दाखवलं. अगदी हळूहळू, शाळेत शिकवतात तसं. मी इतकी वर्षं जे विचारत होते ते सगळं. आणि मला त्या वेळी त्यात काडीचाही रस वाटला नाही.

लोकांनी ऐकून घेतलं आणि हसले. छत्रीच्या वेळी हसले होते तसेच. एक नाखवा म्हणाला, डाक्तर मोठा मानूस, आपलं मोठेपन लपवतो. एक बाई म्हणाली, अंगात देव येतो त्याला स्वतःला कळत नाही. ते म्हणाले, अहो खरंच सांगतो, हा नुसता खडा आहे. लोक म्हणाले, हो हो. ज्याने माझ्या आधीपासून दहा वर्षं खोटं खरं करून दाखवलं, त्याने एकदा खरं सांगितलं तर ते नवीन जादू म्हणून खपलं. माझ्या डोक्यात तर त्या दिवशी कशाला काय म्हणावं याचाच गोंधळ होता. मी मध्ये पडून शाळेतली दोन वाक्यं बोलले, ती कुणी ऐकलीही नाहीत.

वाटलं आता ते पेटी उचलतील. त्यांनी ती उचललीही. चार पावलं गेले आणि परत आले. चांगुणासमोर उकिडवे बसले, तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि खडा तिच्या तळव्यावर ठेवला.

"आजी, आता तुम्ही काढा. माझ्या कानातून."

ती नको नको म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. तिचा अंगठा कसा वळवायचा, बोटं सैल कशी सोडायची, ते तिला दाखवत राहिले. जन्मभर जाळी शिवलेली आणि मासे साफ केलेली ती बोटं. पहिल्यांदा खडा पडला. पुन्हा पडला. पोरं खिदळली. मग तो पडेना. म्हातारीने रिकामा दिसणारा हात सगळ्यांसमोर धरला, तो त्यांच्या कानाशी नेला, आणि खडा बाहेर आला.

कुणी हसलं नाही. चांगुणा आपल्या हाताकडे बघत होती. तिने हात उलटा केला, सुलटा केला. दुसऱ्याच्या हातावर माणूस विश्वास ठेवील नाहीतर ठेवणार नाही, पण स्वतःच्या हाताला काय म्हणणार? तिच्या हातात देवी नव्हती, हे तिला पक्कं माहीत होतं.

"मंजी मी खडा पुजला," ती म्हणाली.

"हो आजी. चूक माझी."

मला वाटलं ती तो खडा त्यांच्या तोंडावर मारील. तिचा चेहरा तसाच झाला होता. तिला आपला भाऊ आठवत असणार. तिने विचारलं, "मंग खरं काय?"

त्यांनी पेटीतली काचेची नळी दाखवली. "हे. पण आज काही दिसायचं नाही. आठ दिवसांनी फोड येईल, मग खपली, मग जन्मभराचा डाग. माझी जादू मी समोर असेपर्यंतच चालते, आजी. ही मी गेल्यावर चालते."

चांगुणा उठली. देव्हाऱ्यातला खडा आणून तिने पदराच्या गाठीत बांधला. सुनेच्या कडेवरून यमूला घेतलं, तिची बाही वर केली आणि दंड त्यांच्यापुढे धरला.

"टोच. घासनार नाय."

यमू भोकाड पसरून रडली, कारण या वेळी तिला कुणी काही दाखवत नव्हतं. तिच्यामागून सगळी ओळ आली. सगळी पोरं रडली. आमचे गृहस्थ मान खाली घालून एकामागून एक दंड टोचत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. धुराने, असं ते म्हणाले. स्पिरिटच्या दिव्याला धूर नसतो हे मला माहीत होतं.

संध्याकाळी मी रेवदंड्याच्या वाटेला लागले तेव्हा मागून त्या ओळीतून लसणीच्या फोडणीचा वास आला. मी वाटेतच थांबले आणि तो पोटभर घेतला.

आठ दिवसांनी यमूच्या दंडावर टपोरा फोड होता. ओळीतल्या सगळ्यांच्याच होता. त्या थंडीत देवी खाडी ओलांडून आली. वाड्याच्या वरच्या अंगाला जे टोचून घ्यायला बनातून बाहेरच आले नव्हते, त्यांच्यात एक नाखवा गेला. दर्याच्या ओळीत कुणाला काही झालं नाही. चांगुणा रोज सकाळी यमूचा दंड उघडून बघायची, खपली पडून डाग उरला तरी बघायची.

एवढं भलं झालं, तरी त्या वाड्यावर त्यांनी पुन्हा जादू केली नाही. मुलं त्यांना पाहून रडायला लागली. माझाही खडू जागच्या जागी राहायला लागला, आणि खरं सांगते, मला ते आवडलं नाही. मी एकदा डबी मुद्दाम त्यांच्यापुढे उघडी ठेवली. त्यांनी ती बंद करून दिली.

मग पुढच्याच थंडीत चांगुणा आपण होऊन पडवीवर येऊन बसली. टोचायला आलेल्या पोराला मांडीवर घ्यायची, हात दाखवायची आणि कानातून खडा काढायची. तिचा खडा दोनातून एकदा तरी खाली पडायचा, आणि पोरं त्यालाच जास्त हसायची. आमचे गृहस्थ शेजारी बसून चक्री फिरवता फिरवता गंभीरपणे म्हणायचे, "बघून घ्या. मागून तक्रार चालणार नाही." काढायच्या आधी ती प्रत्येक पोराला बजावायची, खडा हाय, दुसरं काय नाय. तरी पोरं बघायचीच. खोटं आहे हे माहीत असूनही बघायला का आवडतं, हा प्रश्न मी माझ्या परीने पुष्कळ सोडवला. सुटला नाही.

अशा कितीतरी थंड्या गेल्या. त्यांच्या कोटाला ठिगळं आली, टोपी तपकिरी झाली. साठ साल उलटून गेल्यावर ते पेन्शनीत निघाले. गाव त्यांचं घाटावर कुठेसं होतं. निरोप घ्यायला शेवटचे आले तेव्हा मी म्हटलं, आता तरी मला एखादी शिकवून जा. ते म्हणाले, "बाई, सगळी तर तुमच्यासमोर फोडली. तुम्ही त्या दिवशी पाहिली नाहीत, त्याला मी काय करू?"

बंदरावर सगळी ओळ आली होती. यमूही आली होती, परकर जाऊन लुगडं आलेली. चांगुणा पार वाकली होती. ती पुढे झाली आणि त्यांच्या कोटावरची वाळू झटकायला लागली. आई मुलाची झटकते तशी, खांद्यावरची, पाठीवरची. मग बाजूची. आणि तिचा हात त्यांच्या उजव्या खिशावरून गेला, तेव्हा मी पाहिलं. इतक्या वर्षांत त्या माणसाची एकही हातचलाखी मला दिसली नव्हती. दिसली ती ही एक, आणि ती त्याची नव्हती.

होडी निघाली. मी चांगुणाला हळूच विचारलं, तोच का तो, देव्हाऱ्यातला?

"खडाच हाय त्यो," ती म्हणाली.

"मग दिलात कशाला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की ही बाई पोरांना शिकवते तरी काय.

"रिकाम्या हातानं धाडायचं कं मानसाला?"

खाडीच्या मध्यावर गेल्यावर ते होडीत उभे राहिले. दोन्ही हात वर केले, तळवे आमच्याकडे, बोटं फाकवून. शब्द ऐकू येत नव्हते, पण आम्हा सगळ्यांना ते पाठ होते. मग उजवा हात खाली आला, कोटाच्या खिशाशी गेला आणि जरा वेळ तिथेच राहिला. तो पुन्हा वर आला तेव्हा मी अगदी नीट बघून घेतला. रिकामाच होता.